जीपच्या डोक्यावर तीन क्विंटल

मी लातुरात दहा वर्षं फिजिक्स शिकवत होतो, आणि त्या दहा वर्षांत ‘सर, तुमचं चुकलं’ असं मला एकाही माणसानं म्हटलं नव्हतं. आमची जीप उलटली ती एवढ्याच कारणानं.

बाहेरच्यांना हे पटायचं नाही, म्हणून सांगतो. त्या दिवसांत गावात क्लासेसचं असं पेव फुटलं होतं की ज्या घराला दोन खोल्या, त्यातल्या एकीत मालक आणि दुसरीत अहमदपूर, निलंगा, उमरीकडून डॉक्टर व्हायला आलेली चार पोरं! (मालक कधीकधी जिन्याखाली.) अशा गावात क्लासच्या सरांचा थाट काय विचारता! मी सलूनमध्ये शिरलो की अर्धी दाढी झालेला माणूस तोंडाला फेस असताना उठून मला खुर्ची द्यायचा. भाजीवाली मावशी मेथीची जुडी पुढं करत विचारायची, ‘‘सर, आमच्या पोरानं बायलॉजी घ्यावं का मॅथ?’’ मी मेथीकडे बघत काहीतरी बोलायचो आणि त्या पोराचं आयुष्य ठरायचं. असं दहा वर्षं चाललं की माणसाचं डोकं फिरतं. माझंही फिरलं होतं, फक्त तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

जीप माझ्या धाकट्या भावाची, दीपकची. दीपक अहमदपूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक. एके काळी निलंगा-लातूर काळीपिवळी म्हणून धावलेली आणि एका खेपेला बावीस माणसं वाहून वाहून वाकलेली एक जीप त्यानं उचलून आणली, तिचं इंजिन खोलून भरलं, मोठी चाकं घातली आणि एक दिवस घरी जाहीर केलं, ‘‘मी ऑफ-रोडच्या स्पर्धेत उतरणार!’’

‘‘म्हंजे काय करायचं?’’ आईनं विचारलं.

‘‘रस्ता सोडून जायचं. ओढ्यातनं, दगडातनं, चढावरनं.’’

‘‘रस्ता हाय ना पण?’’

‘‘हाय.’’

‘‘मग?’’

दीपक उठून जीप पुसायला लागला.

पण आईचा विरोध एवढ्यापुरता नव्हता. आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होतो. घरी आई, तिच्याकडे राहायला आलेली आमची मावशी आणि आठ वर्षांचा दीपक. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड मातीचं माळवद, सगळं एका दणक्यात खाली आलं. मावशी गेली. आई दारात सापडली. दीपकला मांजराचं पिल्लू घेऊन पलंगाखाली झोपायची खोड होती, आणि पलंग होता लोखंडी. दुपारी लोकांनी माती उपसून त्याला बाहेर काढलं तेव्हा पलंग वाकला होता, पोरगं शाबूत होतं. त्या दिवसापासून आईचा दगडावरचा विश्वास उडाला आणि लोखंडावर बसला.

पुढं ती आमच्याकडे लातूरला राहायला आली, पण स्लॅबच्या घरात एकदाही झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड होतं, तिथं तिची खाट. थंडी असो, पाऊस असो, तिथंच. ‘‘पत्रा पडला तर टेंगूळ येईल. स्लॅब पडला तर काय?’’ असं ती म्हणायची, आणि पंधरा-सोळा वर्षं झाली तरी तिची खाट आत आलेली नव्हती.

दीपकनं तिला समजावलं. ‘‘आई, जीपला वरून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात. जीप उलटली तरी आतला माणूस चेपत न्हाई. त्याच्याशिवाय स्पर्धेत घेतच न्हाईत.’’

आई माझ्याकडे वळली. ‘‘नंदू, ते तू बघ. तू पिंजऱ्याची हमी देत असशील तर जाऊ दे त्याला. एकदा देवानं पोरगं परत दिलं. दुसऱ्यांदा मागायला मी जाणार न्हाई.’’

मी आईच्या हातावर हात ठेवून म्हणालो, ‘‘दीपकच्या केसालाही धक्का लागणार नाही. नळी मी निवडतो!’’

इथून पुढं सगळं बिघडत गेलं.

दीपकनं स्पर्धावाल्यांचा कागद आणला. दीड इंची नळी, बिनजोड, भिंतीची जाडी अडीच मिलिमीटर, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मी कागद वाचला आणि उडालोच.

‘‘अडीच मिलिमीटर? अरे, आपला पोळ्यांचा तवा याच्याहून जाड आहे!’’

‘‘दादा, तव्यावर कोण उलटतंय?’’

मी त्याला गप्प करून घरच्या फळ्यावर गणित मांडलं. जीपचं वजन, पडण्याची उंची, नळीचा व्यास, सगळं घेतलं. उत्तर आलं: अडीच मिलिमीटर पुरते. (शहाण्या माणसानं इथं खडू ठेवला असता.) पण सुरक्षेसाठी उत्तर दुप्पट करावं असा नियम आहे, म्हणून दुप्पट केलं. मग आईला दिलेला शब्द आठवला, म्हणून पुन्हा दुप्पट केलं. मग भूकंप आठवला, म्हणून आणखी एकदा! ही शेवटची दुप्पट कुठल्याच पुस्तकात नाही, पण त्या वर्षांत लातुरात ज्यानं म्हणून बांधकाम काढलं त्या प्रत्येकानं ती केली आहे. आमच्या शेजाऱ्यांनी तर तुळशीवृंदावनाला चार कॉलम दिले होते.

तर एवढी जाड नळी घ्यायला मी शिवलिंगआप्पांच्या लोखंडाच्या दुकानात गेलो. आप्पांचा नातू माझ्या बॅचला. आप्पा गादीवरून उठून उभे राहिले.

‘‘या सर, या! पाइप कशाला पाहिजे? मांडव घालायला का?’’

‘‘पिंजरा करायचाय.’’

‘‘अस्सं! पोपट का?’’

‘‘भाऊ.’’

आप्पांनी चष्मा पुसला. मग त्यांनी दीड इंची बिनजोड नळी काढून दाखवली. मी मान हलवली. दोन इंची दाखवली. मी मान हलवली. पाण्याच्या लाइनची सगळ्यात जड नळी दोन हमालांकडून आणवली.

‘‘याच्याहून जाड?’’ मी विचारलं.

‘‘याच्याहून जाड म्हंजे सर... नगरपालिकेची पाइपलाइनच!’’ आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला आता कळतं. तेव्हा मात्र त्यांनी टोपी परत घातली आणि म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणताय म्हंजे त्यात काहीतरी असंल. उमरीच्या व्यंकटरावांकडं बघा. बोअरच्या गाड्या हायत त्यांच्या.’’

व्यंकटरावांची मुलगीही माझ्याच बॅचला! फोन केल्याच्या तिसऱ्या दिवशी ते स्वतः टेम्पो घेऊन हजर. टेम्पोत बोअर खोदायचे जुने, बाद झालेले रॉड. माझ्या पोटरीएवढे जाड, आतून पोकळ, पण भिंत करंगळीच्या रुंदीची. मी एकावर हात फिरवला.

‘‘किती खोल गेलाय हा?’’

‘‘हा? सहाशे फूट, सर. काळा पाषाण फोडून आलाय.’’

ऐकलं आणि अंगावर शहारा आला. दगडानं आमचं घर घेतलं, आणि हा दगडाला भोक पाडून परत आलेला! याच्याहून चांगली नळी जगात असूच शकत नाही, असं माझं तिथल्या तिथं ठरलं.

‘‘सर, हे जीपवर बसवणार?’’ व्यंकटरावांनी हळूच विचारलं. ‘‘म्हंजे, जीप दिसंल का याच्याखाली?’’

‘‘व्यंकटराव, विज्ञानावर विश्वास ठेवा.’’

‘‘ठेवला, सर,’’ ते म्हणाले. पैसे घ्यायला तर त्यांनी साफ नकार दिला आणि टेम्पो तसाच वेल्डरकडे वळवला.

वेल्डर खाजाभाई. निलंगा रस्त्याला, गावाबाहेर त्यांचं वर्कशॉप. हात सोन्याचा, बोलणं मोजकं. त्यांनी रॉडकडे बघितलं. जीपकडे बघितलं. पुन्हा रॉडकडे बघितलं.

‘‘सर, एक बात बोलू का?’’

‘‘बोला की.’’

खाजाभाईंची नजर वर्कशॉपच्या भिंतीकडे गेली. तिथं माझ्या क्लासच्या चाचणीची गुणवत्ता यादी चिकटवलेली होती आणि त्यांच्या मुलाच्या, सलीमच्या नावाखाली लाल पेन्सिलनं दोन रेघा मारलेल्या होत्या.

‘‘...चाय घेणार का?’’ खाजाभाई म्हणाले.

काम सुरू झालं. खाजाभाईंकडे नळी वाकवायचं मशीन होतं. त्यात रॉड घातला, दांडा ओढला, आणि मशीन वाकलं! मग रॉड तिरपे कापून कोपऱ्याला कोपरा जोडायचं ठरलं. बारा दिवस ठिणग्या उडत होत्या. मी रोज क्लास सुटला की जाऊन बघायचो आणि काहीतरी वाढवून यायचो. इथं एक आडवा घाला, तिथं एक तिरपा घाला. खाजाभाई रोज म्हणायचे, ‘‘सर, एक बात...’’ आणि रोज चहा मागवायचे.

दीपकनं मात्र सांगून बघितलं. ‘‘दादा, आप्पांचा काटा इथं आणून रॉड तोलले. तीन क्विंटल भरले. स्प्रिंगा बसल्यात बघ. सगळं वजन वर जाऊन बसलं!’’

‘‘दीपक, तू मेकॅनिक आहेस. मी फिजिक्सचा माणूस आहे.’’

माझी बायको वैशालीनं विचारलं, ‘‘अहो, जरा जड नाही का वाटत?’’

‘‘तू मराठी शिकवतेस,’’ मी म्हणालो. त्या दिवशी मला वरणात मीठ मिळालं नाही.

आणि कमाल पुढंच आहे. त्याच आठवड्यात मी क्लासमध्ये गुरुत्वमध्य शिकवत होतो! फळ्यावर मी उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली काढली आणि दोनशे पोरांना खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘निलंग्याच्या वळणावर ट्रॉली का उलटते?’’ पोरं एका सुरात ओरडली, ‘‘वजन वर असतं, सर!’’ मी म्हणालो, ‘‘शाब्बास!’’ हात झटकले, स्कूटरला किक मारली आणि तडक वर्कशॉपवर जाऊन आणखी एक आडवा रॉड टाकायला सांगितला.

पिंजरा तयार झाला. रविवारी सकाळी वर्कशॉपमागच्या माळावर चाचणी ठरली. आप्पा आले, व्यंकटराव मुद्दाम उमरीहून आले, वैशाली नारळ आणि हळदीकुंकू घेऊन आली. जीप अशी दिसत होती की पिंजऱ्यानं तिला धरून आणलंय. आईनं पिंजऱ्याला कुंकू लावलं, रॉडवर बुक्की मारून बघितली, हात चोळला आणि सरळ मागच्या सीटवर चढून बसली.

‘‘आई, तू कुठं?’’

‘‘पोरगं जायच्या आधी मी जाऊन बघणार. बांध तो पट्टा.’’

कुणाची टाप आहे! दीपकनं तिला पट्टा बांधला, स्वतः स्टिअरिंगवर बसला, मी त्याच्या डाव्या हाताला. पुढं जोंधळ्याचं काढलेलं रान आणि त्याच्या कडेला एक बांध. बांध म्हणजे केवढा? शेळीसुद्धा न थांबता ओलांडते असा. उजवं चाक बांधावर चढवायचं, डावं खाली ठेवायचं आणि बैलगाडीच्या चालीनं वीस पावलं जायचं, बस्स.

‘‘दादा, घेऊ का?’’ दीपकचा आवाज मला जरा कोरडा वाटला.

‘‘घे बिनधास्त!’’

उजवं चाक चढलं. जीप थोडी कलली. मग आणखी थोडी कलली. मग ती क्षणभर थांबली, जशी काही माझ्या परवानगीसाठी, आणि म्हैस बसते तशी, अजिबात घाई न करता, डाव्या अंगावर आडवी झाली!

धूळ खाली बसली. मी सगळ्यात खाली, कानात जोंधळ्याचं धसकट. माझ्या डोक्यावर पट्ट्याला लोंबकळणारा दीपक. मागं आई, दोन्ही हातांनी रॉड धरून आडवी टांगलेली, पण डोक्यावरचा पदर जागच्या जागी.

‘‘आई! आई, लागलं का गं?’’ आम्ही दोघंही ओरडलो.

‘‘मला काय झालंय? झालं का तुमचं?’’

‘‘काय झालं का?’’

‘‘उलटवून बघणं.’’ आईनं मान वळवून पिंजरा नीट न्याहाळला. ‘‘चांगलं हाय. कुठंच वाकलं न्हाई. आता दुसऱ्या अंगानं करा!’’

तेवढ्यात बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. होय, टाळ्या! व्यंकटराव धावत येत होते. ‘‘वा सर, वा! काय प्रात्यक्षिक! आधी सांगितलं असतं तर सगळ्या पोरांना आणलं असतं!’’ मागून आप्पा. ‘‘मी म्हणलोच होतो, सर करतात म्हंजे त्यात काहीतरी असतं!’’

मला बाहेर ओढून काढलं. मी कपडे झटकले. आता खोटं कशाला बोलू, मी हात वर करून नमस्कारसुद्धा केला! आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या गळ्यात घातला. वैशाली एकटी तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मग आईला उतरवलं. ती दीपकजवळ गेली, त्याच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, ‘‘जा आता तू बिनघोर. दादानं उलटवून दाखवलं. माझी न्हाई आता काळजी.’’

दीपकनं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलेलं होतं. शेळीच्या बांधावर जी जीप उलटते, ती ओढ्यात आणि चढावर काय करेल हे त्या मेकॅनिकला नाही कळणार तर कुणाला? पण चार माणसांत थोरल्या भावाची शोभा करायची नाही म्हणून तो गप्प उभा होता. मी गप्प बसलो असतो तर तो त्याच जीपमध्ये बसून गेलाही असता. ज्या पोराला लोकांनी माती उपसून काढलं होतं, त्याला मी माझ्या मानासाठी परत गाडायला निघालो होतो.

मी टॉवेल काढला. ‘‘थांबा. हे प्रात्यक्षिक नव्हतं. जीप खरीच उलटली. माझं चुकलं.’’

मग आप्पा हसले. ‘‘सर थट्टा करायलेत.’’

‘‘थट्टा नाही आप्पा! तीन क्विंटल वजन डोक्यावर ठेवलं म्हणून उलटली. चुकलंय माझं!’’

‘‘तुमचं कसं चुकंल, सर?’’ व्यंकटराव अगदी कळवळून म्हणाले. ‘‘पिंजऱ्यानं वाचवलं का न्हाई?’’

‘‘वाचवलं.’’

‘‘मग?’’

‘‘अहो, पण पिंजरा नसता तर जीप उलटलीच नसती!’’

‘‘आन् उलटली असती आन् पिंजरा नसता, तर?’’

मी ऊन डोक्यावर घेऊन माळावर उभा राहून लोकांना पटवत होतो की मी मूर्ख आहे, आणि ते मला मुळीच मूर्ख म्हणू द्यायला तयार नव्हते. मी रडकुंडीला आलो. आयुष्यात इतका मान मला कधी नकोसा झाला नव्हता.

तेव्हा मागून आवाज आला. ‘‘हौ सर. चुकलं तुमचं.’’

खाजाभाई! हातात वेल्डिंगचा चष्मा, नजर जमिनीवर. ‘‘पहिल्या दिवशीच चुकलं. बारा दिवस झाले, गळ्यात अटकून बसलं होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘सलीमची बारावी हाय, सर.’’

मी पुढं होऊन त्या माणसाला मिठी मारली. शपथेवर सांगतो, गुणवत्ता यादीत माझ्या क्लासची पोरं झळकली तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं. दहा वर्षांनी कुणीतरी मला सरळ माणसासारखं वागवलं होतं.

‘‘आता काय करायचं तेवढं सांगा,’’ मी म्हणालो.

आणि खाजाभाईंनी, बोलायची मुभा मिळाल्यावर, जो काही तास घेतला! आप्पांच्या दुकानातून त्यांनी दीड इंची नळीचे दोन तुकडे आणवले. दिसायला अगदी सारखे. एक पत्रा गुंडाळून कडेनं जोडलेला, म्हणजे आतून बोट फिरवलं की शिवण लागायची, दुसरा बिनजोड. दोन्ही ऐरणीवर ठेवून त्यांनी घण घातला. शिवणीचा तुकडा शिवणीवर फाटला. बिनजोड चपटा झाला, पण फाटला नाही.

‘‘नळी वाकायला पाहिजे, सर, फाटायला नक्को. वाकली की मार तिनं खाल्ला, माणसाला कमी बसला. तुमचा रॉड कुणाचं ऐकतच न्हाई. सगळा मार आतल्या माणसालाच!’’

‘‘आणि वजन?’’

‘‘सगळा पिंजरा धरून चाळीस-पंचेचाळीस किलो. दोघांनी उचलावा. ताकद जाडीत न्हाई, सर, त्रिकोणात हाय. आन् बुडाला रुंद पट्टी मारायची, म्हंजे नळी जीपच्या पत्र्यात घुसणार न्हाई.’’

यातलं एकूणएक वाक्य मी दर वर्षी शिकवत होतो. माळावर ते मला नव्यानं कळलं. मी खिशातला कागद काढून चक्क लिहून घेतलं, आणि स्पर्धावाल्यांचा तो पहिला कागद, अडीच मिलिमीटरचा, दीपकला परत देऊन त्याची माफी मागितली.

‘‘जाऊ दे रे दादा,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्यासाठी घाबरूनच तू एवढं जाड केलंस, कळत न्हाई का मला?’’

नवा पिंजरा आठ दिवसांत बसला. नांदेडच्या बाजूच्या एका माळावर स्पर्धा झाली. मी गेलो होतो. आई आली नाही, देवापुढे बसून होती. तिसऱ्या ओढ्यात दीपकचं चाक दगडावरून निसटलं आणि जीपनं एक अख्खी कोलांटी खाल्ली! ही म्हशीसारखी नव्हती. ही खरी होती. मी चपला सोडून धावलो. ओढ्यातलं पाणी, दगड, काही दिसत नव्हतं. पोचलो तेव्हा वरची नळी चार बोटं आत दबलेली आणि दीपक खालून सरपटत बाहेर येत होता. कोपराला खरचटलेलं, बाकी अंगावर ओरखडा नाही.

‘‘दादा, वाकली बघ!’’ तो हसत ओरडला. ‘‘फाटली न्हाई!’’

मी त्या दबलेल्या नळीला हात लावला आणि मला रडू आलं. त्या ओढ्यातून मी पहिला फोन खाजाभाईंना केला. काय बोललो आठवत नाही; ते मात्र एवढंच म्हणाले, ‘‘अल्ला का शुकर है सर. चाय घेतली का?’’ त्या माणसाचे उपकार आम्ही सात जन्मांत फेडू शकणार नाही. दीपकचा नंबर शेवटून दुसरा आला, आणि आम्ही घरी पेढे वाटले.

राहिला तो जुना, तीन क्विंटलांचा पिंजरा. तो वर्कशॉपमागं पडून होता. मला त्या रस्त्यानं जायची लाज वाटायची, म्हणून मी आडवाटेनं जायचो. एक दिवस मी घरून खाजाभाईंना फोनवर म्हणालो, ‘‘भंगारात घालून टाका एकदाचा!’’ आईनं ते ऐकलं.

‘‘कशाला भंगारात?’’ ती म्हणाली. ‘‘मला पाहिजे तो.’’

‘‘तुला? कशाला?’’

‘‘मी त्याच्यात बसून उलटले होते का न्हाई? कुठं तरी वाकला का? माझ्या खाटंवर उभा करा तो. आत, खोलीत.’’

आत, असं ती म्हणाली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा!

खाजाभाईंनी पिंजरा कापून चार भागांत घरात आणला, पाय वाढवले, खोलीत पुन्हा जोडला आणि खाली आईची खाट सरकवली. ‘‘आता स्लॅब काय, वरचा मजला पडला तरी हे हलायचं न्हाई,’’ ते म्हणाले, आणि या वेळी ते मनापासून बोलत होते हे मला पक्कं ठाऊक होतं. आईनं चारही रॉडना हात लावला. मग जेवणं झाल्यावर दुपारी ती आत गेली आणि खाटेवर आडवी झाली. आम्ही दाराशी श्वास रोखून उभे. पाच मिनिटांत तिचं घोरणं ऐकू आलं. दीपक भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता, आणि मी काही फार वेगळं करत नव्हतो.

चारला ती उठली, चहाचा कप हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘नंदू, लई गाढ झोप लागली बघ. बरं झालं बाबा, तुझं गणित चुकलं.’’

आजवर मी हजारो पेपर तपासले. साफ चुकलेल्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळालेले मी एकदाच पाहिले, आणि तो पेपर माझा होता.